बिनऑइलची पिकअप

गुरुवार हा एमआयडीसीचा सुट्टीचा वार. त्या दिवशी तळवड्यातल्या त्या गल्लीत चिटपाखरू नसतं. एरवी प्रेसचे दणके, ग्राइंडरची किरकिर आणि मागे येणाऱ्या टेम्पोंची पीं-पीं यांत शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. गुरुवारी मात्र पत्र्यावर कावळा चालला तरी कळतं. त्या गुरुवारी दुपारी गल्लीत दोनच माणसं होती, आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

एक धम्मपाल. त्याचं लाकडी पॅलेट बनवायचं छोटं युनिट होतं. कंपन्यांचा जड माल ज्या लाकडी चौकटींवर ठेवून कंटेनरात चढवतात, त्या चौकटी. वडील पिंपरीतल्या कंपनीत लेथवर उभे राहून निवृत्त झाले. याने नोकरी सोडून शेड भाड्याने घेतली आणि धंदा उभा केला. राहायला दिघीला. शुक्रवारी सकाळी माल द्यायचा होता, कामगारांना सुट्टी, म्हणून तो एकटाच खिळे ठोकत बसला होता.

दुसरा ज्योतीराम. मूळ गावचा. ही गल्ली आज जिथे आहे तिथे त्याच्या वडलांचं ज्वारीचं रान होतं. पन्नाशी उलटलेला, अंगाने भरलेला, आवाजाने मोठा. दुसऱ्या गल्लीतल्या स्वतःच्या शेडांचं भाडं येत होतं, तरी पिकअप तो स्वतःच चालवायचा, आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. ऑइल बदलायचं झालं तरी गॅरेजला नेत नसे. गुरुवारी गल्ली मोकळी असते, तेव्हा तिथेच गाडी लावून बॉनेट उघडायचा.

भांडण त्या पिकअपवरूनच झालं होतं. मागच्या वर्षी ज्योतीरामने ती रात्रभर धम्मपालच्या शटरसमोर लावून ठेवली. सकाळी माल न्यायला आलेला कंटेनर आत शिरू शकला नाही आणि रिकामा परत गेला. शब्दाला शब्द वाढला. ज्योतीराम म्हणाला, ही जमीन कुणाची होती ते आधी विचार. धम्मपाल म्हणाला, होती ती होती, आता नाही. मग ज्योतीरामने त्याची कॉलर धरली आणि धम्मपालने त्याला ढकललं. ज्योतीरामचं डोकं शटरच्या कडीवर आपटलं, चार टाके पडले. पोलिस चौकीत एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदली गेली, आणि ‘याच्यापासून माझ्या जिवाला धोका आहे’ हे वाक्य ज्योतीरामने तिथल्या हवालदाराकडून मुद्दाम लिहून घेतलं. तेव्हापासून दोघं एकमेकांकडे पाहतही नव्हते.

तर त्या दुपारी धम्मपाल खिळे ठोकत होता आणि भिंतीपलीकडून पान्यांचे आवाज येत होते. थोडा वेळ त्याने लक्ष दिलं नाही. मग लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठण्ण आवाज झाला. पुन्हा झाला. पुन्हा. बोल्ट अडकला की माणूस असा ठोकतो, हे त्याला माहीत होतं, पण हे ठोके तसे नव्हते. एक जोरात, मग बराच वेळ काही नाही, मग एक अगदी हलका.

‘मला काय करायचंय,’ असं मनाशी म्हणून त्याने आणखी एक फळी घेतली. खिळा लावला. हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली. पलीकडे आता अगदी शांत होतं.

तो बाहेर आला. पिकअप दोन शेडांच्या मधोमध उभी होती, बॉनेट वर, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. एका पायातली चप्पल निघाली होती. पाय हलत नव्हते, पण बोटं आखडत होती आणि सैल होत होती.

धम्मपाल खाली वाकला. ज्योतीराम पाठीवर पडला होता. चेहरा राखेच्या रंगाचा, कपाळावरून घाम कानात जात होता. डाव्या हाताची मूठ छातीवर, उजव्या हातात पाना. त्याच्या खांद्याशेजारी घमेलं होतं आणि इंजिनच्या चेंबरमधून काळंभोर ऑइल धारेने त्यात पडत होतं. आधी इंजिन गरम करून घेतलं असणार, कारण ऑइलला वाफ येत होती.

“काय होतंय?” धम्मपालने विचारलं. वर्षभरातला पहिला शब्द.

ज्योतीरामने डोळे वळवले. कोण आहे हे ओळखल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते धम्मपालला पुढे कितीतरी दिवस विसरता आलं नाही. ती भीती होती. दुखण्याची नव्हे, धम्मपालची.

“छातीत,” ज्योतीराम म्हणाला. “दगड ठेवल्यावानी.”

धम्मपालने त्याचे घोटे धरले आणि ओढलं. माणूस जड होता. पाठीखालचं पोतं सरकलं म्हणून बरं, नाहीतर तो एकट्याला हलवता आला नसता. बाहेर काढून त्याने त्याला सावलीत घेतलं, एका पॅलेटवर फोमचा तुकडा टाकून टेकवून बसवलं आणि शर्टाची वरची बटणं सोडली. घोट्यांवरचं ऑइल धम्मपालच्या बोटांना लागलं होतं, त्याचे काळे ठसे पांढऱ्या शर्टावर उमटले. ते पाहताना त्याच्या मनात जो पहिला विचार आला तो चांगला नव्हता. याला इथे काही झालं, तर गल्लीत दुसरं कोण होतं? मीच. आणि चौकीत काय लिहिलेलं आहे? खिशातला फोन काढून व्हिडिओ सुरू करावा, माणूस स्वतःच्या तोंडाने सांगेल की मी काही केलेलं नाही, एवढंही त्याच्या डोक्यात येऊन गेलं. मग ज्योतीरामला कोरडा उमासा आला आणि तो विचार तिथेच राहिला.

त्याने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे एकेक विचारत होती. वय काय, घाम आहे का, दुखणं हाताकडे जातंय का. मग म्हणाली, “पेशंटला चालवू नका. ॲस्पिरिन आहे का? असेल तर एक गोळी चावायला द्या. गाडी निघतेय, पण देहू-आळंदी रस्त्यावर कंटेनर आडवा झालाय. अर्धा-पाऊण तास धरा.”

“तेवढा वेळ आहे का?”

“जवळचं वाहन असेल तर वाट बघू नका,” ती म्हणाली.

युनिटमधल्या प्रथमोपचाराच्या डब्यात गोळी निघाली. ज्योतीरामने ती चावली, पाणी अर्धं अंगावर सांडलं. धम्मपालने ओळखीच्या पिंटू रिक्षावाल्याला फोन लावला. तोही त्याच कंटेनरमागे अडकला होता. मोबाइलवर रिक्षा शोधली, नुसतं चक्र फिरत राहिलं. त्याची स्वतःची मोटरसायकल होती, पण या अवस्थेतला माणूस मागे बसवायचा कसा? मुख्य रस्त्यापर्यंत धावत जाऊन कुणाला तरी हात करावा, तर याला एकटं टाकून जावं लागणार.

त्याची नजर पिकअपवर गेली.

ज्योतीरामने ती नजर पाहिली. “न्हाई,” तो म्हणाला. “ऑइल न्हाई तिच्यात. समदं काढलंय. फिल्टरबी भाईर हाय.”

“घालायचं कसं ते सांगा.”

“तुला जमायचं न्हाई.”

“मला जमायचं नाही हे खरंय,” धम्मपाल म्हणाला. “तुम्ही सांगाल तसं करतो. दुसरा रस्ता असला तर तो सांगा.”

ज्योतीराम त्याच्याकडे पाहत राहिला. श्वास तोंडाने चालला होता. ज्या माणसाचं नाव आपण चौकीत लिहून दिलं, त्याच्या हातात गाडीही द्यायची आणि जीवही, हे त्याला गिळवत नव्हतं. धम्मपालला ते दिसत होतं आणि त्याचा रागही येत होता. पण बोलत बसायला वेळ नव्हता.

“आदी खालचा बोल्ट,” ज्योतीराम शेवटी म्हणाला. “चेंबरचा.”

“कुठाय?”

“घमेल्यात पडला. हातातनं सुटला.”

धम्मपाल गाडीखाली सरपटला. धार आता थेंबांवर आली होती. घमेल्यातलं काळं ऑइल आरशासारखं स्थिर होतं, तळ दिसायचा प्रश्नच नव्हता. त्याने हात घातला आणि कळवळून बाहेर काढला. चहाइतकं गरम होतं. दात आवळून पुन्हा घातला, मनगटाच्या वर. बोटांना तळाचा पत्रा लागला, काहीतरी खड्यासारखं लागलं, निसटलं, कडेला जाऊन अडकलं. बोल्ट वर आला तेव्हा हाताची कातडी लालबुंद झाली होती आणि कोपरापर्यंत काळं ऑइल ओघळत होतं.

“सापडला.”

“तांब्याचा वायसर हाय का त्याला? नवा डब्यावर ठिवलाय. त्यो घाल.” मध्ये तो थांबला. “हातानं लाव आदी. मंग पान्यानं. लई दाबू नगंस.”

बोल्ट बसला. धम्मपाल बाहेर येऊन बॉनेटखाली उभा राहिला. इंजिनच्या बाजूला एक गोल खड्डा उघडा पडला होता, आत ऑइलने ओलं. फेंडरवर फडक्यावर काळं प्लास्टिकचं झाकण, त्यात जुना कागदी फिल्टर तसाच खोचलेला, आणि बाजूला नव्या फिल्टरचं खोकं.

“जुना ओढून काढ. वडला की सुटतो.”

ओढला. सुटला.

“झाकणाला रबरी रिंग हाय. ती काड.”

रिंग निघेना. ऑइलमुळे बोटं घसरत होती. त्याने नख घातलं, मग शेडमधून एक बारीक खिळा आणून त्याने ती उचकटली. मागे ज्योतीराम काही बोलत नव्हता. धम्मपालने वळून पाहिलं. त्याचे डोळे मिटले होते.

“अण्णा.”

उत्तर नाही.

“अण्णा, नवी रिंग कुठे आहे?”

“खोक्यात,” डोळे न उघडता ज्योतीराम म्हणाला. “रिंगला ऑइल लाव. कोरडी बसवू नगंस.”

खोक्यातून रिंग काढून त्याने ती नव्या ऑइलने माखली, खाचेत बसवली. नवा फिल्टर झाकणात दाबला, कट्‌ असा आवाज आला. झाकण खड्ड्यावर ठेवून फिरवलं, तर अर्ध्या फेऱ्यावरच घट्ट झालं. आटे तिरके चढले होते. हे त्यालाही कळलं, लाकडात स्क्रू तिरका गेला की हाताला असंच लागतं. त्याने झाकण उलटं फिरवून काढलं, पुन्हा ठेवलं.  या वेळी सरळ गेलं. रिंग पहिल्या वेळी कुठे चेपली का, हे काढून नीट पाहायला हवं होतं. ते त्याला सुचलंही. पण मागे ज्योतीरामच्या घशातून घरघर यायला लागली होती.

“प्लास्टिक हाय,” ज्योतीराम पुटपुटला. “जोर लावशील तर फुटंल.”

म्हणून त्याने बेताबेतानेच आवळलं. मग नव्या ऑइलचा कॅन उचलून वरच्या तोंडातून ओतला. नरसाळं दिसलं नाही, शोधलंही नाही. निम्मं इंजिनावर सांडलं असं त्याला वाटलं, पण तेवढं नसावं. टोपण लावलं, बॉनेट पाडलं.

माणसाला उचलायचं कसं, याची त्याला फार काळजी करावी लागली नाही. ते त्याचं रोजचं काम होतं. शेडमधली हाताने ओढायची पॅलेट ट्रॉली आणून त्याने तिचे दात पॅलेटखाली सरकवले, दांडा चारदा खालीवर केला आणि ज्योतीरामला माल नेतात तसं गाडीच्या दारापर्यंत ओढत नेलं. बगलेत हात घालून वर ओढताना दोघांच्याही तोंडातून एकच आवाज निघाला. पट्टा लावला. चावी गाडीतच होती.

“सुरू केली की थांब,” ज्योतीराम म्हणाला. “लाल दिवा जाऊस्तवर पळवू नगंस.”

इंजिन सुरू झालं. समोर ऑइलच्या कॅनसारखं लाल चित्र पेटलेलं होतं. धम्मपालला ते विझेपर्यंतचा वेळ युगासारखा वाटला. विझलं. त्याने गिअर टाकला.

गल्लीच्या तोंडाशी त्याला आठवलं की घरी कळवलेलं नाही. ज्योतीरामच्या खिशातून फोन काढला. तो अंगठ्याने उघडणारा होता आणि ज्योतीरामचा अंगठा ऑइलने माखलेला. गाडी क्षणभर थांबवून त्याने स्वतःच्या शर्टाला तो अंगठा पुसला, पुन्हा पुसला, तेव्हा कुठे फोन उघडला. ‘घर’ असं लिहिलेल्या नंबरवर फोन लावून स्पीकर सुरू केला.

“काय ओ, जेवायला येताय ना?” ज्योतीरामच्या पत्नी दुर्गाबाई म्हणाल्या.

“वहिनी, मी धम्मपाल. पॅलेटवाला.”

 पलीकडचा आवाज एकदम हळू झाला. “त्यांचा फोन तुमच्याकडं कसा?”

“अण्णांच्या छातीत दुखतंय. मी त्यांना घेऊन त्रिवेणीनगरच्या पुढच्या मोठ्या हॉस्पिटलला निघालोय. तुम्ही तिथेच या.”

“काय केलं तुमी त्यांना?”

धम्मपालने तोंड उघडलं, पण त्याआधी शेजारून ज्योतीराम बोलला. आवाज फोनपर्यंत पोचेल की नाही असा. “त्यानं न्हाई. गन्याला सांग. ये.”

मुलगा गणराज चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला होता; त्या कंपनीला सुट्टी रविवारी असते. तिथे फोन गेटवरच जमा करून घेतात, निरोप कधी मिळेल देव जाणे. फोन बंद झाला. त्या एका वाक्याने धम्मपालच्या पाठीवरचं काहीतरी उतरलं, पण आनंद व्हावा अशी ती वेळ नव्हती.

रूपीनगरपर्यंत गाडी बरी गेली. तिथून पुढे रस्ता तुंबला. कंटेनरमुळे वळवलेली सगळी वाहनं याच बाजूला आली होती. धम्मपालने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पार्किंग लाइट लावले, डोकं बाहेर काढून ओरडत राहिला, “पेशंट आहे, जाऊ द्या.” कुणी सरकलं, कुणी सरकलं नाही. एका बसवाल्याने बस पार कडेला दाबली, तिथून ते निघाले. ज्योतीरामचं डोकं काचेवर टेकलं होतं. मधूनमधून धम्मपाल त्याच्या मांडीवर थाप मारत होता, आणि तो “हां” म्हणत होता.

चौक दिसायला लागला आणि लाल दिवा लागला.

आधी लुकलुकला. धम्मपालला वाटलं भास झाला. मग तो पेटूनच राहिला. बॉनेटच्या फटीतून जळक्या ऑइलचा वास आणि निळसर धूर यायला लागला. झाकणाची रिंग. त्याला लगेच कळलं.

ज्योतीरामलाही वास आला. त्याने डोळे उघडून समोर पाहिलं. “थांबव,” तो म्हणाला. “थांबव, ऑइल गेलं.”

“दोन मिनिटांवर आहे हॉस्पिटल.”

“इंजिन जाईल रं.”

“जाऊ दे.”

“माझी गाडी हाय ती.” त्याचा हात चावीकडे आला. त्या हातात जोर नव्हता. धम्मपालने तो डाव्या हाताने धरला आणि धरूनच ठेवला. त्या एका क्षणात त्याने हिशोब केला होता. इथे थांबलो तर चौकात दहा माणसं जमतील, कुणीतरी रिक्षा रिकामी करून देईल, तिच्यात याला उतरवून चढवायचं, पुन्हा त्याच गर्दीत. आणि नाही थांबलो तर कदाचित चौकातच इंजिन जाम होईल, मग तेही गेलं. नक्की काय बरोबर, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्याने सिग्नल तोडला आणि गाडी उलट बाजूने घातली.

इंजिनातून आता टकटक यायला लागली, हातोडीने कुणी आतून ठोकतंय अशी. वाढत गेली. गाडी ओढेनाशी झाली. हॉस्पिटलची कमान आली, वॉचमन शिट्टी वाजवत पुढे धावला, आणि कमानीच्या आत शिरताच एक मोठा खडाडा होऊन सगळं थांबलं. स्टेअरिंग दगडासारखं झालं. चढ नव्हता आणि क्लच दाबलेला होता म्हणून गाडी आपल्या वेगाने तेवढं अंतर सरकली आणि तातडीच्या विभागाच्या पायऱ्यांजवळ उभी राहिली.

स्ट्रेचर आलं. मग दारं उघडली, बंद झाली, आणि धम्मपाल बाकावर एकटा राहिला.

दुर्गाबाई शेजारणीच्या मुलासोबत स्कूटरवर आल्या. त्या धम्मपालशी बोलल्या नाहीत. समोरच्या बाकावर पदर आवळून बसल्या आणि त्याच्या हातांकडे पाहत राहिल्या. कोपरापर्यंत काळे हात, एक लाल सुजलेला. थोड्या वेळाने गणराज आला, कंपनीच्या युनिफॉर्मवर, बूटसुद्धा न बदलता. त्याला कंपनीच्या गेटवर अर्धवट निरोप मिळाला होता, त्यात धम्मपालचं नाव तेवढं होतं. त्याने सरळ येऊन धम्मपालच्या शर्टाला हात घातला.

“काय झालं खरं सांग. मागच्या वेळी ढकललं होतंस, या वेळी काय केलंस?”

धम्मपालने हात सोडवला नाही. वर्षभरापूर्वी अशीच कॉलर धरली होती तेव्हा तो पेटला होता. आता त्याच्यात तेवढं उरलंच नव्हतं. “ऑइल बदलताना गाडीखाली त्रास झाला त्यांना,” तो म्हणाला. “मी बाहेर काढलं. बाकी तू त्यांनाच विचार.”

“आणि गाडी? बाहेर धूर काढतेय ती.”

“इंजिन गेलं. माझ्यामुळे गेलं. रिंग नीट बसली नाही.”

गणराजची मूठ आणखी आवळली. इतक्यात दुर्गाबाई उठल्या. “सोड त्यांना,” त्या म्हणाल्या. “तुझे बाबा फोनवर बोलले माझ्याशी. यांनी काय केलं न्हाई.” मग धम्मपालकडे वळून, “हाताला पाणी तरी लावा. भाजलाय ना तो.”

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, मुख्य नस बंद होती, उघडली, जाळी बसवली. वेळेत आले, आता धोका टळला म्हणायला हरकत नाही. दुर्गाबाई खाली बसून रडल्या. धम्मपाल नळावर गेला. साबणाने ऑइल निघत नव्हतं, नुसतं पसरत होतं.  मग बायकोला, आम्रपालीला, फोन करून सांगितलं की उशीर होईल. काय झालं ते तिला सलग सांगता येईना. ती म्हणाली, “आलास की सांग. आधी हाताला मलम लाव.”

तिसऱ्या दिवशी त्याला आत सोडलं. ज्योतीराम उशांना टेकून बसला होता, गाल उतरलेले, मिशा पांढऱ्या वाटत होत्या. कुणीतरी त्याला इंजिनचं सांगितलं होतं हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं.

“दिवा कुठं लागला व्हता?” त्याने विचारलं.

“चौकाच्या अलीकडे.”

“आन तू गेटापत्तोर आणलीस.”

“हो.”

“मंग जाम व्हणारच.” ज्योतीराम खिडकीकडे पाहत राहिला. गाडी त्याने शोरूममधून आणली त्या दिवशी तिला हार घालून सबंध गावातून फिरवली होती, हे धम्मपालने ऐकलेलं होतं. “मी थांबव म्हणलो व्हतो.”

“म्हणाला होतात.”

“हात धरलास माझा.”

“धरला.”

 नर्स येऊन सलाइन बघून गेली. मग ज्योतीराम म्हणाला, “तू गाडीखाली वाकलास ना, तवा मला वाटलं, आता हा बघंल आन तसाच जाईल.” तो थांबला. “तुज्या जागी मी असतो तर तसाच गेलो असतो का काय, ते मला सांगता येत न्हाई.”

 आपणही ठोके ऐकून आणखी एक फळी घेऊन बसलो होतो, हे सांगावं असं धम्मपालच्या ओठांवर आलं आणि त्याने ते सांगितलंही. ज्योतीरामने मान हलवली, जणू हे असणारच असं त्याला वाटत होतं.

“बस,” तो म्हणाला. “उभा का?”

धम्मपाल खुर्ची ओढून बसला. दुर्गाबाईंनी डब्यातलं थालीपीठ कागदावर काढून त्याच्यापुढे ठेवलं. पट्टी बांधलेल्या हाताने त्याला घास मोडता येईना, तेव्हा गणराजने त्याचे तुकडे करून दिले.